ताई, तू समोर बसून राहिलीस म्हणून

ताई,

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (जमिनीवरच्या कुस्तीसारख्या खेळाच्या) क्लासमध्ये समोरासमोर आभार मानायला गेलो की तू पट्टा आवळत "चल, एक राउंड" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितोय.

पाठीवर पडलेल्याचा गार्ड, म्हणजे त्याच्या पायांची आडकाठी, मला बऱ्यापैकी पास करता (ओलांडून बाजूला जाता) यायचा. पण कुणी एक हात मागे टेकून, पाय पुढे मोकळे सोडून नुसतं बसलं की मी अडायचो. पँट धरायला हात लांब केला की आर्म ड्रॅग (हात ओढून बाजूने मागे येणं), जवळ गेलो की बटरफ्लाय हुक (माझ्या मांड्यांखाली आतून अडकवलेली पावलं) आणि स्वीप (मला उलटवून वर येणं), मागे सरलो की तो उठून सिंगल लेगला (माझा एक पाय धरून पाडायला). वर्षभर हेच. मला वाटायचं, ताकद कमी पडतेय. तू एक राउंड पाहिलास आणि म्हणालीस, "कोपरं बघ तुझी. बरगड्यांपासून सुटली की तू स्वतःच पकड देतोस."

त्यानंतर दोन महिने क्लास संपला की तू वीस मिनिटं माझ्यासमोर बसायचीस. मी तुझ्याहून चांगला जड, तुझी स्वतःची स्पर्धा तोंडावर, तरी एकदाही टाळलं नाहीस. पहिले कित्येक दिवस तू मला पास करूच दिलं नाहीस. काम एकच: "माझी पाठ मॅटला लाव, मग थांब." बसलेल्याला मी खाली समजत होतो. तू दाखवलंस की बसलेला माणूस अर्धा उभाच असतो. मार्सेलो गार्सियाने 2003, 2005, 2007 आणि 2011 अशी चार वेळा एडीसीसी (पकडींच्या कुस्तीची जागतिक स्पर्धा) जिंकली, त्यात त्याचं हे बसणं आणि बटरफ्लाय हुक केवढं मोठं हत्यार होतं, हेही तूच सांगितलंस.

आणि तो टेकलेला हात! त्या बाजूला ढकललं तर भिंतीला ढकलल्यासारखं. दुसऱ्या बाजूचा खांदा तिरका मागे रेटला की आधारच नाही. हे मला शब्दांनी कळलं नसतं. तुझ्या खांद्यावर तळहात ठेवून शंभरदा चुकलो तेव्हा कळलं. झेपावण्याआधी तुझ्या मागच्या हाताची टाच मॅटवरून किंचित सुटते, बोटं तेवढी टेकलेली राहतात. तेही तू स्वतःहून दाखवलंस. आपली खूण अशी कोण सांगतं?

बॉडी लॉक (कंबरेला दोन्ही हातांची मिठी) नंतर आला. कंबरेमागे तळव्याला तळवा, बोटं न गुंतवता. कान तुझ्या छातीवर, माझे नितंब खाली, तुझे हुक दबलेले. मग घाई नाही. एकेक पाय सोडवत बाजूला.

बाजूला येऊन 3 सेकंद पकड ठेवली की पासचे 3 गुण, हे मला पाठ होतं. गेल्या महिन्यात स्पर्धेत ते माझ्या नावापुढे पहिल्यांदा लागले. समोरचा बसला, मी कोपरं आवळली आणि नजर थेट त्याच्या मागच्या हातावर गेली. टाच उचलली गेली. तू कोपऱ्यातून ओरडत होतीस म्हणे. मला काहीच ऐकू आलं नाही.

मनापासून आभार, ताई. तुझा उजवा हुक मात्र अजून दबत नाही. मी लॉक घट्ट करतो आणि तू नडगी आत सरकवतेसच. शनिवारी क्लासनंतर थांबशील?

तुझा,
मॅटवरचा धाकटा भाऊ