नवा कॅमेरा घेऊ नकोस!

सातारा
२ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. धबधब्यांचे फोटो काढायला नवा कॅमेरा घ्यायचा म्हणतोस. नव्या कॅमेऱ्याचा विषय वहिनींसमोर अजून काढला नसशील, तर काढूच नकोस. तुझा जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स धबधब्यांना पुरून उरेल. पैसे खर्च करायचेच असतील तर ट्रायपॉडवर कर, आणि तो जरा वजनदार बघ. हलका असला की वाऱ्यात थरथरतो. मी मधल्या दांड्याला पाठपिशवी अडकवतो, पण जमिनीला जेमतेम टेकेल अशी, म्हणजे ती झोके घेत नाही. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. रिमोटचे पैसे वाचले!

एनडी फिल्टरचं विचारलंस. उजेड अडवून शटर जास्त वेळ उघडं ठेवायला ती काळी काच लागते, हे खरं. पण आपल्या सह्याद्रीत श्रावणात उजेड असतोच कुठे? आभाळ भरून आलेलं असताना झाडीतल्या ओढ्यापाशी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/११ ठेव, शटर पाव सेकंदाच्या आसपास येतं. लोक एफ/२२पर्यंत जातात (आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक), मी जात नाही. छिद्र इतकं बारीक केलं की त्याच्या कडांवरून प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. घ्यायचाच तर एक सीपीएल, म्हणजे पोलरायझर फिल्टर घे. ओल्या कातळावरची, पानांवरची चकाकी तो मारतो, खालचा खरा रंग वर येतो आणि वर दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेडही खातो.

आता भांडणाचा मुद्दा. तू पाठवलेला तो धबधब्याचा फोटो. अरे, ते पाणी आहे की पिंजलेला कापूस? दहा-दहा सेकंद शटर उघडं ठेवलं की पाण्याचं वजनच जातं. ठोसेघर धबधब्याच्या भरल्या धारेला मी १/८ सेकंदाच्या फारसा पुढे जात नाही. धारेतल्या रेषा दिसल्याच पाहिजेत. भांबवलीचा वजराई धबधबा तीन टप्प्यांत उतरतो. पाऊस ओसरून त्याच्या धारा बारीक झाल्या की अर्धा-एक सेकंद शोभून दिसतो. नाणेघाटात मात्र उलटा हिशेब. कोकणातून कड्याला धडकून वर चढणारा वारा पडतं पाणी परत वर फेकतो, तिथे शटर १/५०० सेकंदावर लाव, नाहीतर थेंबांचं नुसतं धुकं होतं. आणि कुठेही गेलास तरी एक्स्पोजर उणे एकवर नेऊन, म्हणजे फोटो एक स्टॉप काळसर करून बघ. काळ्या कातळाला भुलून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरी धार कोऱ्या कागदासारखी येते. ती नंतर कॉम्प्युटरवरही परत आणता येत नाही.

तुषारांचं काय करायचं? छत्री, आणि खिशात दोन-तीन सुकी मऊ फडकी. प्रत्येक फोटोआधी लेन्स पुसायची. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढू नकोस, काचेवर बाष्प धरतं. पिशवीतच थोडा वेळ राहू दे. घरी आल्यावर कोरडा करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागली की दुरुस्तीचा खर्च परवडत नाही.

पाण्यात उतरून फोटो काढायचे नाहीत. घाटमाथ्यावर कोसळत असलं तर खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की सामान सोडून आधी वर ये. ३० जून २०२४ला भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते विसरू नकोस.

गणपती झाले की ये, भंडारदऱ्याला जाऊ. प्रवरेवरचा रंधा धबधबा बघू आणि जमलं तर अंब्रेला फॉलही. तो नुसत्या पावसाच्या भरवशावर नसतो. १९२६मध्ये पुरं झालेल्या विल्सन धरणातून पाणी सोडलं की तो गोलसर कातळावरून छत्रीसारखा पसरतो. तेव्हा आधी तिथल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून पाणी सोडलंय का ते विचारू, मगच निघू. रविवार मात्र नको, गर्दीत ट्रायपॉडचे पाय टेकवायला जागा मिळत नाही. आणि धाकट्याला घेऊन ये. छत्री धरायला कुणीतरी लागतंच, पण हे त्याला आत्ताच सांगू नकोस.

तुझाच,
अण्णा