सी ०२.१ लिहिणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवणार नाही. बिलिंगच्या त्या खिडकीशी दिवसभर माणसं येत असतात. माझ्या हातात निळी फाइल होती आणि विमा कंपनीचं पत्र: निदान आणि बायोप्सी रिपोर्ट जुळत नाहीत, रेडिएशनची मंजुरी थांबवली आहे.

बाबांच्या ऑपरेशनला सव्वीस दिवस झाले होते. रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू झालं पाहिजे, असं सर्जननी बजावलं होतं. मी प्रत्येक खिडकीवर आवाज चढवत फिरत होते. तुमच्यावरही चढवला. त्याबद्दल आधी माफी मागते.

तुम्ही उत्तर न देता फाइल शेवटच्या पानापासून उलटी वाचायला घेतलीत. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘तोंडाचा कॅन्सर’ होतं. त्यावरून विमा कंपनीच्या कागदावर आजाराचा कोड पडला होता सी ०६.९, म्हणजे तोंड, पण नेमकी जागा नाही. हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीच्या, रिपोर्टात मात्र स्पष्ट होतं: जिभेची डावी कड. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून तुम्ही म्हणालात, "कड म्हणजे सी ०२.१. जिभेचं मूळ असतं तर सी ०१, गालाच्या आत असतं तर सी ०६.०. तोंड एवढंसं दिसतं, पण पत्ते किती बघा."

मग बदला की, मी म्हटलं. तर म्हणालात, "माझ्या मनाने नाही बदलता येत. डॉक्टरांनी लिहिलं पाहिजे."

खरं सांगते, मला ती टोलवाटोलवी वाटली. पण तुम्ही तिथेच सर्जनना विचारणा लिहून पाठवलीत. शिवाय मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर सापडल्याचं त्याच रिपोर्टात होतं, त्याचा सी ७७.० हा कोड लावायचाच राहिला होता. रेडिएशन कशासाठी, याचं निम्मं उत्तर त्या गाठींत होतं आणि विमा कंपनीच्या कागदावर त्या गाठी नव्हत्याच!

सर्जनचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, मंजुरी त्यानंतर चार दिवसांनी. अडतिसाव्या दिवशी बाबा मशीनखाली झोपले.

तीस सिटिंग झाली. तिसऱ्या आठवड्यात तोंडभर फोड आले, पाणीही उतरेना, नाकातून नळी घालावी लागली. ते दिवस कसे काढले ते आता लिहवत नाही. आता नळी निघाली आहे. जबडा आखडू नये म्हणून सकाळी दातांत लाकडी पट्ट्यांची चवड धरून बसतात. परवापासून एक पट्टी जास्त मावते, तर ती बोटांनी मोजून दाखवतात, कारण ‘त’ आणि ‘ल’ अजून नीट उमटत नाहीत.

हे पत्र त्यांनी वाचलं आणि पाटीवर लिहून तुमचं नाव विचारलं. मी ते विचारलंच नव्हतं.

तुमची,
निळ्या फाइलवाली