उन्हाळ्यातली सहल आणि बागेचं कुलूप

संपादक महोदय,

एप्रिल उजाडला की सुटीत कुठे जावं याच्या याद्या छापून येऊ लागतात आणि खान्देशातून त्यात तोरणमाळ ठरलेलं असतं. तोरणमाळ थंड आहे, यशवंत तलावाचा काठ देखणा आहे, याबद्दल वाद नाही. पण घाट चढायला गाडी हवी, आणि जळगाव-भुसावळहून एका दिवसात जाऊन येणं लहान मुलांना झेपत नाही, म्हणजे मुक्काम आला. दोन पोरं आणि म्हातारी आई असलेल्या बेताच्या कमाईच्या घराला अशी यादी काय कामाची? त्यांना नवी जागा नको, वेळेचा आणि सावलीचा हिशेब हवा. पारा 44-45 वर जातो त्या दिवसांतही गावाजवळ सहल होते. फक्त ती सकाळी नऊच्या आत आटोपावी लागते, नाहीतर सूर्य मावळायला आल्यावर सुरू करावी लागते.

मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. सव्वापाचला घर सोडलं तर जळगावकरांना मेहरूण तलावाचा काठ किंवा लांडोरखोरी वनोद्यान, धुळेकरांना नकाणे तलाव, अशा ठिकाणी तीन तास निवांत मिळतात. संध्याकाळी मात्र एक चूक हमखास होते. ऊन उतरलं म्हणून मंडळी तलावाच्या दगडी पायऱ्यांवर किंवा पेव्हर ब्लॉकवर फतकल मारून बसतात. दगड आणि सिमेंट दिवसभर खाल्लेली उष्णता रात्री नऊ-दहापर्यंत ओकत राहतात, म्हणून वाऱ्याची झुळूक असूनही पोरं घामाघूम होतात. तळहात जमिनीला टेकवून पाहावा आणि गार लागेल तिथेच चटई टाकावी. हिरवळ आणि उघडी माती लवकर निवते.

दुपारी बाहेर राहायची वेळ आलीच तर भिंतीच्या सावलीवर विसंबू नये. 25-26 मेच्या सुमारास जळगावात मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर असतो, भिंतीची सावली तिच्या पायाशीच संपते. छप्पर नाहीतर डेरेदार झाडच हवं. झाडातही फरक आहे. निंबाला चैत्रात नवी पालवी येते, त्यामुळे मेमध्ये त्याची सावली दाट असते. वड आणि चिंचही चांगली. बाभळीची सावली विरळ, वर खाली काटे. शोभेच्या पामांबद्दल न बोललेलं बरं.

पाण्यासाठी चार जणांच्या अर्ध्या दिवसाला आठ लिटर धरावं. विकतच्या बाटल्या घेतल्या तर एसटीच्या तिकिटांपेक्षा पाण्याचाच खर्च वाढायचा. कॅनव्हासची जुनी छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, अजून मिळते, तिला तोड नाही. नवी छागल पहिल्या दिवशी गळते म्हणून लोक ती परत करतात. तसं करू नये, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की धागे फुगतात, वीण बसते आणि गळती थांबून नुसता पाझर उरतो. तो पाझर सुकताना आतली उष्णता ओढून घेतो आणि पाणी गार होतं. म्हणून छागल सावलीत, वारा लागेल अशी टांगायची, पिशवीत कोंबायची नाही. आपल्याकडची कोरडी हवा हिला मानवते, मुंबईच्या दमट हवेत तीच छागल निकामी ठरते. छागल नसेल तर बाटलीला जुन्या धोतराचं ओलं फडकं गुंडाळावं, तत्त्व तेच. शिवाय एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून वेगळी बाटली ठेवावी. चमचा चहाचा, आणि मीठ चुकूनही जास्त नको. मूल पेंगुळलं, डोकं दुखतंय म्हणालं, लघवी गडद झाली, की सहल तिथेच थांबवावी. सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी न ओतता 108 ला फोन करावा.

डब्यात दशम्या न्याव्यात. पाण्याऐवजी दुधात मळलेल्या असल्यामुळे त्या मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, तेलात परतलेला ठेचा, काकडी. खिचडी, बटाट्याची भाजी आणि दही घरीच बरं. गरम खिचडी डब्यात कोंडली की वाफेचं पाणी होऊन झाकणावरून तेच खाली गळतं आणि उन्हात अन्न आंबतं. अशा उन्हात ओलं शिजवलेलं अन्न तासाभराच्या आत संपवावं. तिथे चूल मांडायचा मोह तर नकोच, सातपुड्याच्या पायथ्याचं वाळलं गवत एका ठिणगीने पेटतं. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावरचं भरीत चंपाषष्ठीनंतर, थंडीत. दहा जणांना तीन किलो हिरवी वांगी पुरतात. भाजण्याआधी तेलाचा हात फिरवून सुरीने टोचे मारले नाहीत तर वांगं जाळातच फुटतं.

लांबच्या सहलींसाठीही थंडी किंवा पावसाळ्याची अखेर खरी. चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटरवरची पाटणादेवी, एरंडोलजवळचं पद्मालय, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव ही ठिकाणं एका दिवसात होतात. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला उन्हाळ्यात नकोच, काळा खडक पाय भाजून काढतो. एसटीचा हिशेब फार थोड्यांनी मांडून पाहिलेला असतो. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं, 75 पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना मोफत. म्हणजे नवरा, बायको, दोन मुलं आणि ऐंशीची आजी, माणसं पाच, तिकिटं अडीच. आजीचं आधार कार्ड विसरू नये. एक खोच लक्षात ठेवावी. संध्याकाळी खेड्यात येणारी गाडी बऱ्याचदा मुक्कामी असते, ती दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटते. ती पाहून परतीची गाडी आली असं समजलात तर रात्र पारावर काढावी लागेल. निघतानाच चौकशी खिडकीवर ‘शेवटची परत येणारी गाडी कोणती’ असं विचारावं, नुसतं ‘शेवटची गाडी’ नव्हे.

आता पालिकांकडे मागणी. सहलीला पैसा लागू नये अशी शहरातली जागा म्हणजे सार्वजनिक बाग, आणि नेमक्या हव्या त्या वेळी तिच्या फाटकाला कुलूप असतं. मार्च ते जून बागा पहाटे 5 ते सकाळी 11 आणि संध्याकाळी 5 ते रात्री साडेदहा अशा उघड्या ठेवाव्यात. मधले सहा तास बंद ठेवल्या तरी कुणाचं अडत नाही. रखवालदाराच्या दोन पाळ्यांतली एकही सहा तासांच्या पुढे जात नाही, त्यामुळे माणूसबळाची सबब टिकत नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी पश्चिमेच्या उन्हात उघडी असेल तर संध्याकाळी नळाला चहाइतकं गरम पाणी येतं. तिच्यावर छप्पर घालावं.

आणि घसरगुंड्या. पत्र्याच्या घसरगुंडीवर उलटा हात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर मुलाला बसवू नये, मांड्या भाजतात. सकाळी नऊलाच ही अवस्था होते. या पावसाळ्यात प्रत्येक घसरगुंडीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला चार-चार मीटरवर एकेक निंब लावावा. ते मोठे होईपर्यंत वर हिरवी जाळी ताणावी. उन्हाने ती काही हंगामांतच विरते, तेव्हा बदलण्याचा खर्च पहिल्याच निविदेत धरावा.

— एक वाचक, जळगाव