नेट गेले की जुनेच आकडे नव्या वेळेने : मॉनिटरच्या नोंदींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : इंटरनेट बंद असताना जुने रीडिंग चालू वेळेने नोंदले जात असल्याबाबत.

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयाने तातडीच्या विभागासाठी आपल्याकडून मॉनिटर आणि त्याला जोडलेले नोंदींचे सॉफ्टवेअर घेतले. नाडी, बीपी, ऑक्सिजन आपोआप केसपेपरवर चढतील, सिस्टरांचा लिहिण्यातला वेळ वाचेल, असे डेमोत सांगितले होते. नेट असते तोवर तसे होतेही.

पण इकडे लाइट गेली की मागोमाग नेट जाते. मॉनिटर बॅटरीवर चालू राहतो. सॉफ्टवेअर मात्र शेवटचे रीडिंग धरून बसते आणि दर पाच मिनिटांनी तेच पुन्हा चालू वेळेने नोंदवते.

परवा रात्री कपाशीवर फवारणी करून आलेला एक शेतमजूर भरती झाला. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या. कीटकनाशकाच्या विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू केले. छाती मोकळी होईपर्यंत, नाडी आणि वरचा बीपी 80 च्या पुढे जाईपर्यंत डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यावा लागतो. म्हणजे पुढचा डोस ताज्या आकड्यावरच ठरतो. मॉनिटरवर नाडी 118 होती. संगणकावर 64, आणि समोर वेळ त्याच मिनिटाची! सिस्टर खाटेजवळ उभ्या होत्या म्हणून निभावले. संगणक पाहून कोणी आणखी अ‍ॅट्रोपिन सांगितले असते, तर त्या माणसाला औषधच बाधले असते.

रकाना रिकामा दिसला असता तर कोणीही उठून मॉनिटर पाहिला असता.

हीच प्रिंट रुग्णासोबत यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेजला जाते. विषबाधेची केस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची) असते, कागद पोलिसांकडे जातात. त्यावर सही आमची असते.

आपल्या इंजिनिअरने ‘नेटवर्क तुमचे, आम्ही काय करणार’ असे सांगून तक्रार बंद केली. हे आम्हाला मान्य नाही. मॉनिटरच्या मेमरीत ट्रेंड, म्हणजे मागच्या रीडिंगचा वेळेवार क्रम, साठलेला असतो. नेट आल्यावर तो खऱ्या वेळेसह मागून चढवणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे. खेड्यातल्या रुग्णालयाला माल विकताना लाइट जाणार हे धरूनच तो बनवायला हवा.

2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. यंदाची फवारणी सुरू आहे.

जुने रीडिंग पुढे ओढणे आजच्या आज बंद करावे, संपर्क तुटल्यावर पडद्यावर ठळक सूचना यावी आणि नोंदी साठवायला रुग्णालयातच सर्व्हर बसवून द्यावा. आजवरच्या कोणत्या नोंदी अशा चुकल्या, त्यांची यादीही लेखी हवी. तोवर आम्ही कागदावरच लिहीत आहोत. हे दुरुस्त होईपर्यंत देखभालीचा हप्ता भरला जाणार नाही.

आपला,
वैद्यकीय अधिकारी,
तातडीचा विभाग