मिरजेच्या कॅमेरेवाल्या दादांना, भुईकाट्यावरून

दादा, स. न. वि. वि.

जाताना तुम्ही म्हणालात, "मावशी, आभार-बिभार काही नको, आणि माझं नाव तर कुठं टाकूच नका." नाव टाकत नाही. पण पत्र उघडच लिहिते, कारण माझ्यासारखे काटेवाले, वखारवाले, कोल्ड स्टोरेजवाले इथे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांचे कॅमेरे आमच्यासारखेच मुके असणार.

तुम्हाला त्या रात्रीचं अर्धवटच सांगितलं होतं. माधवनगरच्या पुढे तासगाव रस्त्याला आमचा गाड्या तोलायचा काटा. मार्चमध्ये रात्री बेदाण्याची गाडी आली. भरगाडीचं वजन झालं तेव्हा ड्रायव्हर आणि क्लीनर खाली उभे होते. माल उतरवून रिकामी गाडी परत आली तेव्हा दोघं केबिनमध्येच बसून राहिले. रिकाम्या वजनात दोन माणसं धरली गेली की निव्वळ मालातून तेवढं वजन गेलंच. १३० किलो. बेदाण्याचे १३० किलो म्हणजे किती रुपये, हे सांगलीकराला सांगायला नको. काट्यावरचा आमचा पोरगा आईची शपथ घेऊन सांगतो, "दोनदा वरडलो, खाली उतरा म्हणून. पलीकडनं उतरलं आसतील म्हणून वजन मारलं." ड्रायव्हर म्हणतो, कुणी हाकच मारली नाही. शेतकरी बिचारा मध्ये उभा.

रेकॉर्डिंग लावलं. खिडकीवरच्या कॅमेऱ्यात पोराचे ओठ हलताना दिसतात, हात हलताना दिसतो, आणि आवाजाच्या नावाने शून्य. निम्मं नुकसान मी गल्ल्यातून दिलं. पैशापेक्षा त्या पोराकडे सगळ्यांनी ज्या नजरेनं बघितलं ते जास्त लागलं.

मग शहरातला एक दुकानदार बोलावला. त्यानं खुर्चीवर बसून रिमोट फिरवला, मॉनिटरचा आवाज वाढवून बघितला आणि निकाल दिला: चारही कॅमेऱ्यांचे माइक जळालेत, रेकॉर्डरही जुना झालाय. कोटेशन ३८ हजारांचं. मी जवळजवळ हो म्हणाले होते. ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसातल्या वहिनींनी तुमचा नंबर दिला नसता तर आज ते चार डबे भंगारात गेले असते.

तुम्ही आलात आणि खुर्चीवर बसलातच नाही. थेट टेबलाखाली वाकलात, मॉनिटरची मागची निळ्या तोंडाची केबल हातात धरलीत आणि हसलात. "मावशी, ही व्हीजीए. हिच्यातनं नुसतं चित्र येतं. आवाज ह्या वायरीतनं येतच नाही." म्हणजे ज्या मॉनिटरवर आम्ही सहा महिने कान लावून बसलो होतो आणि ज्याच्या जोरावर त्या दुकानदारानं चार माइक मारून टाकले, तिथे आवाज पोचायची सोयच नव्हती! पिशवीतून चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी स्वतःची एचडीएमआय केबल काढून लावलीत. मॉनिटरला स्पीकर नाही म्हणून त्याच्या मागच्या भोकात इअरफोन खुपसलात. तरी आवाज नव्हताच, पण निदान आता तिथे ऐकायला काही अर्थ होता.

पुढचं मी वहीत लिहून घेतलंय. तुम्ही रेकॉर्डर बाजूला ठेवलात, कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या नेटवर्क स्विचला लॅपटॉप जोडलात आणि एकेका कॅमेऱ्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकून त्याच्याच सेटिंगच्या पानावर गेलात. "आधी कॅमेऱ्याला विचारायचं, मग रेकॉर्डरला, शेवटी मोबाइलला. उलटं गेलं की दिवस जातो." गेटवरच्या कॅमेऱ्यासाठी शिडी लावून स्टिकरवरचा मॉडेल नंबर वाचलात. त्या मॉडेलला माइकच नाही, बाहेरचा माइक लावायला जागाही नाही. पाच मिनिटांत विषय संपला. हे कुणी घेतानाच सांगितलं असतं तर! मागच्या शेडचा कॅमेराही त्याच मॉडेलचा, त्याचीही आशा सोडली.

खिडकीवरच्याला मात्र आतच माइक आहे. सेटिंगमध्ये नुसतं 'व्हिडिओ' निवडलेलं होतं, ते 'व्हिडिओ आणि ऑडिओ' केलंत. लॅपटॉपवर लगेच पोराचा खोकला ऐकू आला आणि मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हात वर करून थांबवलंत. रेकॉर्डिंग परत लावून बघितलं तर मुकंच. त्या चॅनेलचा आवाज साठवायचा की नाही याचं बटण रेकॉर्डरमध्ये वेगळं, ते बंद होतं. ते चालू केलं तर माझ्या मोबाइलवर आवाज नाही. मोबाइल सबस्ट्रीम ओढतो, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं हलकं, कमी डेटाचं चित्र, आणि त्याला आवाज पुन्हा वेगळा द्यावा लागतो. एकाच आवाजाला तीन दारं आणि तिन्हीला वेगळी कडी! शिवाय घाईघाईत चौपट वेगानं रेकॉर्डिंग पळवलं तर आवाज बंदच होतो, हेही तेव्हा कळलं. आम्ही नेहमी तसंच बघायचो.

काट्याच्या प्लॅटफॉर्मवरच्या चौथ्या कॅमेऱ्यानं तुमचं डोकं खाल्लं. तो दुसऱ्या कंपनीचा, ओएनव्हीआयएफवरून (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जोडायची सामाईक पद्धत) जोडलेला, त्याला बाहेरून माइक. आधी माइकलाच वीज नव्हती. कॅमेरा नेटवर्कच्या वायरीवर चालतो म्हणून माइकही चालत असेल, असा आमचा समज. त्याला स्वतःचे १२ व्होल्ट लागतात. ॲडॉप्टर दिलात. तो माइक लाइन लेव्हलचा, म्हणजे आधीच वाढवलेला जोरदार सिग्नल देणारा, म्हणून कॅमेऱ्यातलं इनपुट 'माइक'वरून 'लाइन'वर आणलंत. लॅपटॉपमध्ये व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर लावून त्या कॅमेऱ्याची स्ट्रीम उघडली, तिथे आवाज खणखणीत. रेकॉर्डरवर काही नाही. तेव्हा तुम्ही व्हीएलसीतली कोडेकची, म्हणजे आवाज कुठल्या पद्धतीनं बांधून पाठवलाय त्याची, माहिती मला दाखवलीत: कॅमेरा एएसी पद्धतीनं पाठवतोय आणि आमच्या रेकॉर्डरला दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचं ते पचत नाही. त्याऐवजी जी.७११ ही साधी पद्धत केलीत आणि आवाज आला. "ह्यात सेकंदाला ८ हजार नमुनेच घेतात, त्यामुळं जुन्या लँडलाइनसारखा येणार. भांडण मिटवायला बास."

मग तुम्ही पोराला पावती वाचायला प्लॅटफॉर्मवर उभं केलंत. "भरगाडी चौदा हजार तीनशे वीस!" इअरफोन माझ्या कानात. नेमका तेव्हाच उसाचा ट्रॅक्टर आला, टेप फुल्ल, आणि मी इअरफोन उपटून टाकला. पोराचा शब्दही कळेना. इनपुटचा आवाज ९० वरून ४० वर आणलात, माइक टेपाच्या बाजूनं काढून खिडकीच्या बाजूला बांधलात, आणि त्याची वायर मोटरच्या केबलपासून हातभर लांब घेतलीत, तेव्हा घरघरही गेली. तुम्ही मिरजेचे, म्हणून मी म्हटलं, तंबोऱ्याच्या गावचा कान आहे बाबा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला होता. तुम्ही म्हणालात, "मावशी, मी आयटीआयवाला. मला सा आणि रे सारखाच." असेल!

मी मार्चच्या त्या रात्रीचा आवाज काढून द्या म्हटलं, तेव्हा तुम्ही सरळ सांगितलंत की जो साठवलाच नाही तो कुठून काढू. दुसरा कुणी 'रिकव्हरी'चे दोन हजार घेऊन गेला असता.

आणि एक गोष्ट मला तेव्हा पटली नव्हती. पोरं डबा खातात त्या खोलीतही माइक बसवा म्हटलं, तर तुम्ही नाही म्हणालात. वर दारावर 'इथे आवाजासह रेकॉर्डिंग होते' अशी पाटी लावायला लावलीत. मी कुरकुरले. संध्याकाळी वकिली शिकणाऱ्या लेकीला सांगितलं, तर ती तुमच्याच बाजूनं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय म्हणे. २०२० मध्ये त्याच कोर्टानं पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांना आवाज हवाच असंही सांगितलंय. "आई, कुठे ऐकायचं आणि कुठे नाही, दोन्ही महत्त्वाचं," असं तिनं मला सुनावलं. डब्याच्या खोलीत माइक नाही. पाटी आहे.

दोन दिवस खपलात आणि बिल केलंत अठराशे, त्यात ॲडॉप्टरसुद्धा.

गेल्या मंगळवारी हळदीच्या गाडीवरून तसाच वाद झाला. या वेळी ड्रायव्हर म्हणाला, मला रिकाम्या गाडीच्या वजनाला थांबा असं कुणी सांगितलंच नाही. पोरानं काही न बोलता रेकॉर्डिंग लावलं, साध्या वेगानं, आणि इअरफोन त्याच्या हातात दिला. ड्रायव्हरनं ऐकलं, इअरफोन टेबलावर ठेवला आणि गाडी मागे घेतली. पोरगा त्या दिवशी दोन चहा जास्त प्यायला.

तुमची एचडीएमआय केबल अजून आमच्याच मॉनिटरला आहे. बिलात धरली नव्हती, मी नंतर बघितलं. या बाजूला आलात की एकतर घेऊन जा, नाहीतर पैसे सांगा. आणि पिशवी रिकामी आणा, यंदाचा बेदाणा बाजूला काढून ठेवलाय.

तुमची,
काट्यावरची मावशी