आमची गच्ची आणि तुमचा अग्रलेख

मा. संपादक महोदय, स.न.

घुसखोरांमुळे स्थानिकांची रोजी बुडते, असा परवाचा अग्रलेख काल वाचला. (तुमचा अंक दांडिया बाजारात दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. त्याबद्दल शेवटी.) कोणाची रोजी बुडाली ठाऊक नाही, आमची गच्ची मात्र बुडाली.

एप्रिलच्या मध्याला गच्चीवरचा जुना चायना मोझेक उखडला. दर पावसाळ्यात माजघरात बादल्या लावून आम्ही कंटाळलो होतो. कारागीर पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातला. एका बाजूला फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा ढीग, दुसरीकडे व्हाइट सिमेंटचं घमेलं, मध्ये हा उकिडवा. एकेक तुकडा बोटांत फिरवून कोन जुळवायचा, थापीने ठोकायचा, फडक्याने पुसायचा. निम्मी गच्ची अशी झाली. 26 एप्रिलला अहमदाबाद-सुरतेत बांगलादेशी घुसखोर म्हणून धरपकड झाली, मग इथेही चौकशा सुरू झाल्या आणि एका सकाळी हा आलाच नाही. ठेकेदाराने फोन बंद केला.

शेवटी मीच पोलीस ठाण्यात गेलो, तर हा तिथे. त्याच्याकडे आधार होतं, मतदार कार्ड होतं. ‘काका, आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे,’ असं मला समजावण्यात आलं. कायद्याने बरोबरच आहे. म्हटलं, मग माझ्याकडे तरी काय आहे? आमचे पूर्वज गायकवाडांच्या लष्कराबरोबर आले, ते कुठला कागद घेऊन? साहेब हसले, मला चहा पाजला. त्याला नाही. पाच दिवसांनी सुटला तो थेट हावड्याच्या गाडीत बसला. उरलेली मजुरीही न्यायला आला नाही.

बांगलादेशातून विनाकागद आलेल्याला परत पाठवा, माझी काही हरकत नाही. पण 6,500 जणांना धरलं आणि त्यांत 450 बांगलादेशी ठरले, हे खुद्द पोलीस महासंचालकांनी तेव्हा सांगितलं. बाकीच्यांची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची? पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, असा तेव्हा 1979 चा कायदा होता. मी तरी एकाही मजुराच्या खिशात ते पाहिलेलं नाही. ठेकेदाराला मात्र कोणी ठाण्यात नेलं नाही.

आणि स्थानिक? कडियानाक्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर जिथे जमतात तिथे, दोन सकाळी जाऊन उभा राहिलो. दाहोद, झाबुआकडची माणसं होती. खोदकाम करू, माल चढवू म्हणाली. मोझेक जमत नाही. बडोद्यातला मराठी मुलगा घमेलं उचलेल, ही कल्पना अग्रलेखातच शोभते. नव्या ठेकेदाराने दीडपट भाव सांगितलाय, तोही पावसाळ्यानंतर येणार.

राहता राहिली आपली पोरं. 5 फेब्रुवारीला अमेरिकेने तिथे बेकायदा गेलेले 104 जण लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले, त्यांत 33 गुजरातचे. तेव्हा आमच्या कट्ट्यावर हळहळ चालली होती, की बिचारी जमिनी विकून गेली होती! एजंटाला ‘कबुतरबाज’ (माणसं चोरून परदेशी धाडणारा) म्हणून शिव्या घातल्या, पण कबुतरांना कोणी घुसखोर म्हटलं नाही. तुमच्या अंकातही ते ‘स्थलांतरित’च होते. अंक जपून ठेवलाय, हवा तर पाठवतो.

आता अंकाविषयी. वर्गणी आगाऊ भरूनही रविवारची पुरवणी तीन आठवडे आलेली नाही. विक्रेता तुमच्याकडे बोट दाखवतो. त्यातल्या शब्दकोड्याची उत्तरं मात्र दर सोमवारी नेमाने छापून येतात.

– एक जुना वर्गणीदार, दांडिया बाजार, बडोदे (मे 2025)