तारण आणि हिशेबाची वही

संपादक महोदय,

श्रद्धा घरापुरती ठेवावी, कामाच्या ठिकाणी आणू नये, असे अनेकदा ऐकू येते. मी ख्रिस्ती आहे आणि उमेदीची सारी वर्षे हिशेबनीस होतो. मला हे पटत नाही.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला जक्कय मला फार जवळचा वाटतो. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांच्या तिरस्काराचा धनी. येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला कोणतीही अट घातली नाही, फक्त त्याच्या घरी उतरायचे ठरवले. मग जक्कय आपणहून उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो म्हणाला. आधी कृपा, मग परतफेड. हा क्रम उलटा करून चालत नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत मिळत नाही. पण ते मिळालेल्या माणसाची हिशेबाची वही बंदही राहत नाही.

मी स्वतः एकदा प्रवासखर्चाचे खोटे बिल लावले होते. रविवारी उपासनेत गुडघे टेकले, तेव्हा डोळ्यांसमोर तोच कागद. सोमवारी साहेबांना सांगून रक्कम भरली. चौपट नव्हती, तेवढी ऐपत नव्हती. साहेब बराच वेळ गप्प होते. त्या रात्रीची प्रार्थना मात्र मला अजून आठवते.

सार्वजनिक जीवनातल्या माझ्या ख्रिस्ती बांधवांना कळकळीने विचारतो: सही करताना आपण कोणाचे असतो?

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस